रुळांच्या आत

३ जून

पोचलो एकदाचे म्पोफिनीला! मामेभावाच्या पिकअपमध्ये पुढे बाबा, मागे पलंग, चूल, कोंबड्यांची पाटी आणि त्या सगळ्यावर बसलेली मी. कच्चा रस्ता लागल्यापासून बाबांनी तोंडावर मफलर धरला होता. उतरल्या उतरल्या म्हणाले, "एवढी धूळच खायची होती तर मी खाणीत काय वाईट होतो?" म्हणजे स्वारी खुशीत होती.

घर रेल्वेचं आहे. दोन खोल्या, वर पत्रा, दारात मारुलाचं झाड आणि आवारात नळ. आपला, एकट्याचा नळ! मांझिनीला सगळ्या गल्लीत मिळून एक होता आणि तिथं रोज भांडण. मी पाणी सोडून नुसतीच बघत उभी राहिले, शेवटी बाबा ओरडले.

घरासमोर फाटक आणि फाटकाला लागून माझी केबिन. टेबल, खुर्ची, वायरलेस, हिरवं आणि लाल निशाण. गाडी यायची असली की कंट्रोलवरून कळवतात, मी फाटक लावायचं, निशाण दाखवायचं आणि गाडी गेली की तसं सांगायचं. केबिनच्या पूर्वेला रूळ एका खिंडीत शिरतात. दोन्ही बाजूंना लाल मातीच्या उभ्या भिंती, आणि खिंडीपलीकडे लुबोंबोचे निळे डोंगर. चित्रात असावं तसं दिसतं.

काम समजावून द्यायला रुळांच्या टोळीचा मुकादम आला होता, एनॉक विलाकाती. ठेंगणा, पोट सुटलेला, आवाज मात्र ढोलासारखा. माझ्या आडनावानंच हाक मारत म्हणाला, "हे बघ मझिया, आपल्या देशाला समुद्र नाही. मीठ येतं, डिझेल येतं, तू पितेस तो चहासुद्धा, सगळं ह्या दोन लोखंडांवरून येतं. तू फाटकावर झोपलीस तर देश उपाशी मरेल." मी म्हटलं, "मग पगार वाढवा." तो इतका हसला की बाबांची झोप मोडली.

संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतून ला-शबांगु आली. साठीची आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत. आंबिलीचं भांडं खाली ठेवायच्या आधीच विचारलं, नवरा कुठंय? नाही म्हटल्यावर म्हणाली, "असू दे. इंजिनवाले सगळे तुला हात करतील. त्यातला एखादा ब्रेकही लावेल."

५ जून

काम अंगवळणी पडतंय. गाडी दिसायच्या बऱ्याच आधी रूळ बोलायला लागतात. आधी बारीक गुणगुण, मग झिणझिण, मग इंजिन. डोंगराकडून मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी येतात, इकडून कोळसा जातो. गामेद्झे म्हणून एक इंजिनवाला आहे, तो फाटकाजवळ दोनदा भोंगा वाजवतो आणि खिडकीतून टोपी काढून वाकतो, जशी काही मी राजाच्या घरचीच! ला-शबांगुला सांगायला नको.

बाबा दिवसभर उन्हात बसतात. इथली हवा कोरडी आहे म्हणून आणलं त्यांना, पण पहाटेचा खोकला तोच. जोहान्सबर्गच्या खाणीतली धूळ छातीत दगड होऊन बसली आहे, डॉक्टरच म्हणाले होते तसं. खोकला सुरू झाला की ते पलंगाची दांडी धरतात आणि मी त्यांची पाठ धरते. दोघंही नुसतं धरून बसतो.

८ जून

आज वस्तीतल्या सिमेलाने नावाच्या आजोबांची गुरं खिंडीत रुळांवर शिरली. गुरं रुळांवर येणारच, त्यात नवल नाही. पण ही चरत नव्हती. दोन रुळांच्या मध्ये एकामागे एक, गोचीड मारायच्या औषधाच्या हौदापाशी रांग लावतात तशी, सगळ्यांची तोंडं डोंगराकडे. शेपटीसुद्धा हलत नव्हती. मी दगड मारले, निशाणाच्या काठीनं बडवलं. तेवढ्यात आजोबा आले, त्यांनी एकेकाला नावानं शिव्या घालत ओढून काढलं. बाहेर आल्यावर गुरं अशी हंबरली की मी कानांवर हात ठेवले.

गुरं बाहेर काढल्यावर एक बैल कमी भरला. सगळ्यात पुढचा, पांढऱ्या कपाळाचा. गाडी तर आलीच नव्हती. रक्त नाही, कातडं नाही. खुरांचे ठसे दोन रुळांमधून गेलेत आणि थांबलेत. आजोबा सरळ मुकादमाच्या टोळीकडे गेले आणि म्हणाले, "ढेकर द्या बघू एकेक जण!" टोळीवाले हसले. मुकादम हसला नाही.

११ जून

माझ्या आधी इथं म्खोन्टा नावाचा माणूस होता. त्याची बदली झाली असं मला सांगितलं होतं. आज ला-शबांगु मक्याचे दाणे सोलता सोलता म्हणाली, बदली कसली, तो घरी आहे सिफोफानेनीला. बायको त्याला गुरांच्या दोरानं घोट्याला बांधून ठेवते. सोडलं की तो रुळांकडे चालायला लागतो. पितो का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "थेंब नाही. रविवारी चर्चमध्ये ढोल वाजवायचा बिचारा." मग विषय बदलून माझ्या लग्नावर आली.

१४ जून

सकाळी जाग आली ती शांततेनं. खोकला नव्हता. पलंग रिकामा.

बाबा खिंडीत होते. दोन रुळांच्या मध्ये, अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर, डोंगराकडे तोंड करून. मी धावत गेले आणि हात धरून बाहेर खेचलं. आले मुकाट्यानं. पण रूळ ओलांडला मात्र, आणि खोकल्यानं त्यांना असं वाकवलं की ते खडीवर गुडघ्यांवर आले. ओठ निळे पडले.

घरी आणून गरम पाणी दिलं. बऱ्याच वेळानं बोलता आलं तेव्हा म्हणाले, "टेंगेतिले, तिथं वजन नाही गं."

मी म्हटलं, कसलं वजन? त्यांनी छातीवर हात ठेवला.

१५ जून

मला बघायचंच होतं. दुपारची गाडी गेल्यावर खिंडीत गेले आणि मध्ये उभी राहिले.

डोक्यावरची घागर कुणीतरी अलगद उतरवून घ्यावी तसं झालं. घागर होती हे तोपर्यंत माहीतच नव्हतं. चार दिवस ठणकणारी दाढ थांबली. आई गेल्यापासून पोटात जो एक खड्डा आहे तोही बुजला. मी रडले असेन, गाल ओले होते. आणि पायाखाली रूळ गुणगुणायला लागले. मला ऐकू येत होतं. गाडी येतेय, बाजूला व्हायला हवं, हे मला नीट कळत होतं, जसं दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी कळावं तसं. पाय उचलत नव्हता असं नाही. उचलावासाच वाटत नव्हता.

निशाणाची काठी हातातून पडली, तिच्या आवाजानं भानावर आले आणि बाहेर उडी मारली. दाढ अशी ठणकली की ओरडले.

केबिनमध्ये येऊन कंट्रोलला विचारलं, कुठली गाडी येतेय? सिंदिसो ड्यूटीवर होता. म्हणाला, कुठलीच नाही. पुढची संध्याकाळी.

१७ जून

मुकादमाला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. त्यानं फक्त विचारलं, "किती वेळ उभी होतीस?" मग सांगितलं की त्याची माणसं खिंडीत रुळांच्या आत पाय ठेवत नाहीत. बाहेरून काम करतात आणि मोठमोठ्यानं गातात, म्हणजे ती गुणगुण कानावर येत नाही. पूर्वी असं कधीतरी, एखाद्या दिवशी व्हायचं. हल्ली रोज.

सिंदिसोनं आधी चेष्टा केली: "मझियाबाई, ऊन लागलंय, डोक्यावर ओला टॉवेल ठेवा." मग मी वायरलेसचा माइक रुळाला लावला. "परत लावा," म्हणाला. खिंडीतून गाड्या बैलगाडीच्या वेगानं न्यायचा हुकूम त्यानं लगेच वरून मिळवला. मुलगा चांगला आहे.

१९ जून

बाबांचा खोकला आता बघवत नाही. सकाळी उशीवर रक्त होतं. त्यांनी हात जोडले. माझ्या बापानं मला हात जोडले.

गाडी नसेल तेव्हा नेते. ते आत उभे राहतात, मी बाहेर उभी राहून त्यांची बाही घट्ट धरते. आज त्यांनी तिथं उभ्या उभ्या भोपळ्याची खीर खाल्ली, दोनदा मागून. खाणीतल्या गोष्टी सांगितल्या. आईला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या डोक्यावर एवढी मोठी मोळी होती की यांना आधी मोळीच आवडली, म्हणाले, आणि खो खो हसले. हसताना खोकला आला नाही. किती वर्षांनी.

बाहेर काढताना बाही उसवली.

२२ जून

आज सकाळी खिंडीत बाबांच्या आधीच कुणीतरी उभं होतं. ला-शबांगु. धुण्याचं घमेलं डोक्यावर तसंच. मी हाका मारल्या तर वळून न बघताच म्हणाली, "ओरडू नकोस गं, गुडघे झोपलेत माझे."

बातमी वस्तीत पसरली आहे. दुपारपर्यंत कितीतरी आले. संधिवातवाले, पाठवाले, गेल्या वर्षी मुलगा गेलेली एक बाई. कुणी ढकललं नाही, भांडलं नाही, कुणी तिच्या पुढे, कुणी मागे, एकामागे एक उभे राहिले. वस्तीतले पास्टर निळा झगा घालून, काठी आपटत, त्यांना बाहेर काढायला आले. प्रार्थना करत करत आत शिरले. प्रार्थना थांबली.

मी कंट्रोलला ओरडून सांगितलं, गाड्या थांबवा. गामेद्झेची गाडी तोवर निघाली होती. बैलगाडीच्या वेगानं येत होती म्हणून बरं, शेवटच्या माणसाच्या बरीच मागे थांबली. गामेद्झे खाली उतरला. "अरे काय लग्न आहे का इथं? हटा! माझी बायको जेवायला थांबलीय!" म्हणत रांगेच्या कडेनं पुढपर्यंत गेला आणि एकेकाला खांद्याला धरून हलवायला लागला. मी किंचाळले, आत जाऊ नको. त्यानं माझ्याकडे बघितलं, सवयीनं टोपी काढली.

ती हातातच राहिली आहे. तो रांगेत उभा आहे. इंजिन मागे नुसतं धडधडतंय.

२३ जून

लाइन बंद केली. दोन्ही बाजूंनी एकही गाडी नाही. मुकादमानं इंजिन बंद केलं.

पोलीस आले. चांगले होते बिचारे, हळू बोलत होते. सिमेलाने आजोबा सकाळीच येऊन उभे राहिले होते, त्यांना तिघांनी उचलून बाहेर काढलं. खडीवर ठेवलं. आजोबांचं तोंड उघडं, छाती वर खाली, आत हवा जाईना. पाण्याबाहेरच्या माशासारखे. परत आत ठेवा, परत ठेवा, मी ओरडत राहिले. ठेवेपर्यंत संपलं होतं.

बाबांना मी रोज बाहेर काढत होते, पण आता पकड वाढलीय; कुणी कुणाला हात लावत नाही. पोलिसांतला एक जण रांगेत आहे.

बाबा माझी नजर चुकवून गेले आहेत. मी केबिनमध्ये कंट्रोलशी बोलत होते. तेवढ्यात. मध्यावर आहेत, ला-शबांगुच्या मागे. मी बाही धरली आणि जरा ओढलं. ओठ निळे. सोडलं.

२४ जून

रूळ वाजताहेत.

सिंदिसोला तीनतीनदा विचारलं. तो म्हणतो देशात कुठंही इंजिन हलत नाहीये. सीमेपलीकडेही विचारलं. तिकडेही नाही.

आवाज डोंगराकडून येतो. वाढतो, खिंडीत येतो. मग थांबतो. थांबला की सगळ्यात पुढचा माणूस नसतो. मग बाकीचे एक पाऊल पुढे सरकतात.

मी बघत होते. डोळे उघडे होते. तरी दिसलं नाही. मुलगा गेलेली बाई होती, आणि मग नव्हती. तिच्या जागेवरची खडी गरम लागत होती.

दुपारी मुकादम टोळी घेऊन आला. खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी त्यांनी बोल्ट काढले, गात गात, आणि दोन्ही बाजूंचे रूळ उपसून बांधावर टाकले. मधे मोठं खिंडार. मुकादम घाम पुसत म्हणाला, "आता ये म्हणावं." माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं. मला खरंच वाटलं, संपलं.

संध्याकाळी रूळ वाजले. खिंडाराच्या पलीकडे, मग अलीकडे. बांधावर पडलेले रूळसुद्धा वाजले.

पास्टर गेले.

२५ जून

वस्तीतले उरलेले लोक आणि बाकीचे पोलीस ट्रकमधून गेले. मुकादम मला न्यायला आला होता. म्हणाला, "मझिया, चल. तुझा बाप असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं." मी म्हटलं, असता म्हणजे? तो बघा उभा आहे. श्वास घेतोय.

मुकादम रडला. एवढा मोठा आवाज आणि रडताना काही ऐकू आलं नाही. ट्रक गाता गाता गेला. वळणापर्यंत गाणं येत होतं.

म्हणजे आता इथं मी आणि रांग.

बाबांना पाणी पाजते. पितात. आज विचारलं, बाबा, पुढे काय आहे, दिसतं का? म्हणाले, "तू जेवलीस का?"

२६ जून

गामेद्झे.

टोपी राहिली होती. मी काठीनं बाहेर ओढली आणि खांबाला अडकवली. का कोण जाणे.

सिंदिसो दर थोड्या वेळानं हाक मारतो. मझियाबाई, बोला. मझियाबाई, आहात ना. सैन्य येतंय म्हणतो. येऊन काय करतील? बाहेर काढलं तर मरतात. आत ठेवलं तर—

दुपारी

ला-शबांगु पहिली आहे. मी तिच्याशी बोलत राहिले. काहीही. मी लग्न करते म्हटलं, तू सांगशील त्याच्याशी, फक्त बाहेर ये. ती हसली. म्हणाली, "आता म्हणतेस, गाढवे?"

रूळ वाजायला लागले. मी तिच्या अंगावरच्या कापडाचं टोक धरलं.

टोक हातात आहे. सरळ कापल्यासारखं. गरम.

२७ जून

बाबा पहिले.

मी खिंडीतच बसून लिहितेय. खडीवर. एका हातात बाही. ह्या सदऱ्याची बाही कच्ची आहे, मनगट धरते. मनगट ऊबदार आहे. नाडी लागते, शांत, माझ्यापेक्षा शांत.

विचारलं, ओढू का? एकदाच, जोरात? बाहेर माझ्या मांडीवर जाल तरी.

त्यांनी मान हलवली. नको.

मग म्हणाले, "तू घरी जा." मग थोड्या वेळानं, "सोड गं."

नाही सोडणार.

वाजताहेत. अजून लांब

वायरलेस केबिनमध्ये ओरडतोय, इथपर्यंत येतं. माझं नाव

बाबांच्या मागे सगळे सरकायच्या तयारीत. पाय उचललेले

मी बाहेर आहे. मी रुळांच्या बाहेर आहे, दोन्ही पाय बाहेर, गुडघे बाहेर, मी बघून घेतलं, परत बघितलं. फक्त हात तेवढा आत. फक्त मनगटापर्यंत—

दाढ दुखायची थांबली

बाबा, माझं बोट उचलावंसंच वाटत ना